आई-बाबा, गोधड्या पाठवून राहिलो, पेटीत ठेवू नका

प्रिय आई अन् बाबा,
नमस्कार.

रविवारी दादा गावाकडे येऊन राहिला, त्याच्याजवळ दोन गोधड्या देतो. एक आईची, एक बाबांची. फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर आई हो हो म्हणते अन् मग वस्तू जाते पेटीत, डांबराच्या गोळ्या टाकून, पाहुणे आले की काढू म्हणून. म्हणून लिहूनच पाठवतो. या रोज पांघरायच्या आहेत, दोघांनी, आजपासूनच. मी त्या तशाच हिशोबाने केल्या आहेत.

आई, तुझ्या हातच्या गोधड्या पाच पाच सहा सहा पदरी असायच्या, ऊब भरपूर, पण ओली झाली की दोघीजणींनी दोन टोकं धरून पिळायला लागायची, तू अन् काकू. आता तुझा खांदा दुखतो, बाबांच्या बोटांत आधीसारखी पकड नाही, अन् तरी दर पंधरा दिवसांनी पांघरूण धुतल्याशिवाय तुला चैन पडत नाही हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून यावेळी तीनच पदर घेतले, वर एक, खाली एक, अन् मधात तुझं ते फिकं झालेलं हिरवं लुगडं. आकारही एका माणसापुरता, साडेचार फूट बाय सहा फूट. ही तू एकटी बादलीतून काढून दोरीवर टाकू शकशील, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं, डिझाइन नंतरची गोष्ट.

तीन पदरात काय थंडी जाते असं बाबा म्हणतील. बाबा, ऊब नुसत्या कापडाच्या जाडीची नसते, पदरांच्या मधात जी हवा अडकून राहते तिचीही असते. म्हणून धावदोऱ्याच्या ओळी मी फार जवळजवळ घेतल्या नाहीत, दोन बोटं सोडून घेतल्या, खूप दाट शिवलं की गोधडी चापट अन् कडक होते, अन् खूप लांब लांब शिवलं की धुण्यात आतलं कापड गोळा होऊन एका बाजूला जातं. दोन बोटं बरोबर बसतं. हां, 2018 च्या डिसेंबरात नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता तशी एखादी रात्र आली तर वरून ब्लँकेट घ्या, पण अंगाला लागून गोधडीच असू द्या. तुम्ही ते जड ब्लँकेट रात्री लाथेने खाली ढकलता अन् पहाटे पाय गार पडतात, आईने सांगितलं मला.

बाबांच्या गोधडीची खालची बाजू नीट पाहा. ती आजोबांची, नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कापडाची जुनी चादर आहे, इथल्या महाल भागातल्या घराच्या माळ्यावर ट्रंकेत सापडली. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली मिल, 2002 मध्ये बंद झाली, आता तिथे मॉल आहे, पण कापड अजून आहे की नाही बघा. उजेडात धरून पाहिलं तर वीण कुठेच विरलेली नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडाचं हेच मोठं सुख आहे, आटायचं ते आटून गेलेलं, रंग जायचा तो गेलेला, खळीचा पत्ता नाही, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. वरच्या चौकटींसाठी गांधीबागच्या कापडबाजारातून कटपीस आणले ते मात्र आधी दोनदा धुऊन घेतले, नाहीतर पहिल्याच धुण्यात नवीन कापड आटतं अन् जुनं तसंच राहतं, मग सगळी गोधडी सुरकुतते. पॉलिस्टर एक तुकडाही घातला नाही. ते सरकतं, घाम धरतं, अन् उन्हाळ्यात तर आपल्या विदर्भात अंगावर सहन होत नाही.

आई, तुझ्यात अन् माझ्यात एक फरक झाला. तू काठाकडून सुरू करून गोल गोल आत यायचीस. मी आधी सतरंजीवर तिन्ही पदर अंथरून, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवून, हाताने हवा काढत काढत मोठे कच्चे टाके घालतो अन् मग शिवण मधातून बाहेर नेतो, सुरकुती असली तर ती कडेला निघून जाते. तुझी पद्धत चुकीची नाही, तुझ्या गोधड्यांना कधी फुगा आला नाही, पण तेवढा अंदाज हाताला यायला वेळ लागतो. दोरा मात्र तुझ्यासारखाच हातभर घेतो, मेणबत्तीवरून ओढून, अन् गाठ वर कधी ठेवत नाही, झटका देऊन आत पदरात घालवतो. दुकानातल्या गोधड्यांची गाठ वर दिसते अन् तिथूनच उसवायला लागते.

आता कडेबद्दल सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथे लागला. गोधडी मधात फाटत नाही, आधी कड जाते, कारण आपण रात्रभर कड धरून ओढतो, हनुवटीला तीच घासते. म्हणून पट्टी अडीच इंच कापली अन् दुमडून दुहेरी लावली. उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी, नाही कापली, सरळ बाजूंना उरेब लागत नाही, ओढली जाते. पट्ट्यांचे जोड तिरपे दिले म्हणजे एका जागी जाड गाठोडं होत नाही. समोरून मशीनवर पाव इंचावर शिवली अन् मागे वळवून हाताने तुरपाई केली. कोपऱ्याला पाव इंच आधी थांबायचं, पट्टी तिरपी वर दुमडायची, मग खाली आणायची, की कोपरा चौकोनी येतो, पाकिटाच्या घडीसारखा. यालाच वेळ लागतो अन् इथेच लोक कंटाळतात. किती घरी वर्षवर्ष तशाच कच्च्या टाक्यांत पडलेल्या गोधड्या पाहिल्या मी, सगळं शिवून झालेलं अन् फक्त कड राहिलेली. मला ते बघवत नाही. लुगड्याचे काठ मी आतून काढून टाकले होते, त्यांची वीण घट्ट असते, सुई जात नाही, पण आई, तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ तुझ्या गोधडीच्या डोक्याकडच्या बाजूला लावला आहे. अंधारातही हाताला कळेल डोकं कुठे अन् पाय कुठे.

फाटेल, विटेल, चहा सांडेल, सगळं होऊ द्या. मला वाईट वाटणार नाही. वाईट वाटेल ते पुढच्या दिवाळीत आलो अन् ती पेटीत घडी घातलेली दिसली तर. कड विरली तर तेवढी पट्टी काढून नवीन लावतो, अर्ध्या दिवसाचं काम.

धुताना गार पाणी, थोडा साबण, ब्रश नाही. पहिल्यांदा लाल चौकटीवाली वेगळी धुवा. पिळायची नाही आई, नुसती दाबून पाणी काढायचं अन् दोरीवर आडवी टाकायची, सावलीत. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड झाली असेल, बागेत दोरी बांधायला जागा आहे.

अन् बाबा, एक काम. तुमची दोन-तीन जुनी धोतरं दादाजवळ परत पाठवा, मऊ झालेली, फाटकी असली तरी चालतील, भोकं चुकवून तुकडे काढता येतात. मार्चमध्ये ताईकडे बाळ येईल, त्याचं दुपटं मला त्याच कापडाचं करायचं आहे. आई, पाठवण्याआधी त्यांना नीळ देऊ नकोस.

तुमचा,
मुलगा