हिवाळ्यात पायी फिरणाऱ्यांना वेळ हवी आणि वाटही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात मोकळ्या हवेत निवांत चालावे असे दिवस वर्षात फार थोडे असतात. दिवाळी सरली की थंडीची चाहूल लागते आणि महाशिवरात्र उलटली की उन्हाचा चटका बसू लागतो. सकाळी दहापर्यंत ऊन हवेहवेसे वाटावे, असे मधले तीन-साडेतीन महिनेच काय ते हाती लागतात. नेमक्या याच दिवसांत पायी फिरणाऱ्यांची छत्रपती संभाजीनगर शहरात कशी अडचण होते, याकडे आपल्या दैनिकामार्फत लक्ष वेधू इच्छितो.

मी ज्या उद्यानात जातो, तिथे बाराही महिने एकच वेळापत्रक आहे. पहाटे साडेपाचला दार उघडते आणि नऊ वाजता रखवालदाराची शिट्टी वाजते. जूनमध्ये आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो, तेव्हा ही वेळ रास्तच आहे. जानेवारीत मात्र सूर्यच सातनंतर उगवतो. कानटोपी घालून अंधारात झपाझप चालणारे जिद्दी लोक असतात, त्यांचे कौतुकच आहे. पण दमा किंवा सांधेदुखी असलेल्या ज्येष्ठांना ऊन पडल्याशिवाय बाहेर पडू नका, असे डॉक्टरच बजावतात. अशी मंडळी आठ-सव्वाआठला काठी टेकत येतात, दोन फेऱ्या मारून बुचाच्या फुलांचा सडा पडलेल्या बाकावर उन्हाला बसतात न बसतात तोच शिट्टी होते. देखभालीसाठी उद्यान बंद ठेवावे लागते, असे उत्तर मिळते. झाडांना पाणी देणे, पाचोळा गोळा करणे ही कामे एकेका भागाला दोर बांधून का करता येऊ नयेत, याचे उत्तर मात्र मिळालेले नाही.

शिवाय चालणे म्हणजे उद्यानाच्या ट्रॅकवर घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणे, एवढाच अर्थ का उरावा? मलिक अंबराने वसवलेल्या या शहरात पायी पाहण्याजोगी वाट आयतीच आहे. त्याने १६१२ मध्ये बांधलेल्या भडकल दरवाजापासून निघून पाणचक्की पाहावी, शेजारच्या महमूद दरवाजातून खाम नदी ओलांडावी आणि बेगमपुऱ्यामार्गे बीबी का मकबऱ्यापर्यंत जावे. हे सगळे मिळून तीनेक किलोमीटरचे अंतर आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून खेळवत आणून ते उंचावरून हौदात सोडण्याची पाणचक्कीतील करामत आपल्याच शहरातील किती मुलांना ठाऊक असेल, अशी शंका येते. मकबराही सकाळच्या तिरप्या उन्हातच पाहावा. घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवराचा, तर मधला भाग काळ्या दगडावर गिलावा केलेला, हा फरक तेव्हा उघड दिसतो. भर दुपारी सगळे एकसारखेच पांढरे भासते.

हौसेने निघालेला माणूस या वाटेवर फार काळ टिकत नाही, कारण पदपथ सलग नाही. जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी उभ्या असतात, आणि जिथे दरवाजाच्या कमानीखालूनच रहदारी जाते, तिथे मागून येणाऱ्या रिक्षाचा भोंगा ऐकून भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. स्वच्छतागृहाचा प्रश्न महिलांना विचारावा, मी त्यावर अधिक लिहीत नाही.

दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवराचा वेगळा उल्लेख करायला हवा. थंडीत दूरच्या उत्तरेकडून येणारी थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके आणि काठाच्या ओल्या मातीत शेपटी हलवत फिरणारे धोबी पक्षी पाहण्याचे हेच दिवस आहेत. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर असून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यभर साजरा होतो. त्यानंतरही जानेवारीअखेरपर्यंत दर रविवारी शाळकरी मुलांना एखाद्या जाणकारासोबत काठाबाहेरून पक्षी दाखवता येतील. मात्र सुशोभीकरणाच्या नावाखाली तिथे रंगीत दिवे आणि कारंजी नकोत. पाहुण्या पक्ष्यांना अंधार व शांतताच मानवते. शेजारच्या हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र असल्याने तिथे वाट्टेल तसे हिंडता येणार नाही, हे उघड आहे आणि योग्यही आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सर्व उद्याने सकाळी किमान साडेदहापर्यंत खुली ठेवावीत आणि भडकल ते मकबरा ही वाट रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत तरी वाहनांपासून शक्य तितकी मोकळी करावी, अशी संबंधित प्रशासनाला विनंती आहे. वाटेवर दिशादर्शक फलक लावलेच, तर त्यांवर बाण, अंतर आणि वास्तूचे साल एवढेच असावे. मान्यवरांच्या छायाचित्रांसाठी शहरात जागा पुष्कळ आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
छत्रपती संभाजीनगर