पहिला अहवाल अर्ज छापला जाण्याआधी हवा

मा. संपादक,

चिप उद्योगातील पेटंटांवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. अमेरिकी पेटंट कार्यालयाने १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या प्रायोगिक सेमीकंडक्टर योजनेवर लेखकाचा आक्षेप असा, की अर्जाला प्राधान्य मिळत होते ते पहिल्या परीक्षण अहवालापर्यंतच, म्हणजे पेटंट देता येईल का यावर परीक्षक पहिल्यांदा मत देईपर्यंत. पुढे पुन्हा नेहमीची रांग. मी बावीस वर्षे वेफर (ज्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची पातळ चकती) धुण्याच्या विभागात प्रोसेस इंजिनिअर आहे. आमचा सगळा जीव त्या पहिल्या अहवालातच अडकलेला असतो.

धुतलेला वेफर वाळताना पाण्याच्या पृष्ठताणामुळे त्यावरच्या उंच, बारीक रचना एकमेकींकडे ओढल्या जाऊन कोसळतात. ते टाळायला आम्ही शेवटच्या धुण्यात वेफर फिरवण्याचा वेग आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची धार यांचा क्रम बदलला होता. अशी कृती तयार चिपकडे पाहून ओळखता येत नाही. कोणी उचलली तर ती बंद क्लीनरूममध्येच वापरणार. सिद्ध कसे करायचे? म्हणून पेटंट घ्यावे की गुपित राखावे, हा पेच आम्हाला फार छळतो.

बहुतेक देशांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १८ महिन्यांनी मजकूर प्रसिद्ध होतो. त्याआधी परीक्षकाने तशाच जुन्या कृतींचे संदर्भ पुढे ठेवले, तर पेटंटची आशा किती ते कळते. नसेल तर अर्ज मागे घेऊन कृती कुलुपात ठेवता येते. आमचा अर्ज (तो दुसऱ्या एका देशात होता) वेळेवर छापला गेला आणि पहिला अहवाल आला २६ व्या महिन्यात, मुख्य दावा (नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे कलम) नाकारणारा. कृती जगाला कळली, हक्क मिळाला नाही. धाकट्या सहकाऱ्याने विचारले, ‘मॅडम, मग आपण हे लिहून दिलंच कशाला?’ मला उत्तर देता आले नाही. आजही ते वाक्य आठवते.

अमेरिकी योजनेतली एका अर्जात २० दाव्यांची मर्यादा मला योग्य वाटते, परीक्षकाचाही वेळ वाचतो. खटकते ते हे, की अर्ज रांगेत पुढे घेण्याची हमी होती, अहवाल किती महिन्यांत येईल याची नव्हती. जो देश अशी योजना आखेल त्याने सोळाव्या महिन्यापर्यंत पहिला अहवाल देण्याचे बंधन स्वतःवर घालावे. त्यानंतर मिळालेला अहवाल हाती असूनही उपयोगाचा नसतो, कारण छपाई थांबवायलाही अवधी लागतो. अमेरिकेत तशी विनंती प्रसिद्धीच्या चार आठवड्यांहून आधी करावी लागते.

— एक प्रोसेस इंजिनिअर