खालच्या रानाबद्दल

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं मिठावर संशोधन करतेस, मग आपल्या खालच्या रानाचं काही होईल का?" असल्या प्रश्नाला फोनवर धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते. अक्षर मोठं काढलंय, तरी जड गेलं तर दादाकडून वाचून घ्या.

आधी सरळ सांगते. माझ्या प्रयोगांनी ते रान सुधारणार नाही. पाटानं सोडलेलं पाणी काळ्या जमिनीत मुरून बसलं, निचऱ्याला वाट नाही, मग ऊन तापलं की पाणी वर येऊन उडून जातं आणि क्षार तेवढे मागे राहतात. ही मातीची आणि पाण्याची गोष्ट आहे. मी बघते ती पेशीच्या आतली.

पुण्यात पीएच. डी.ला यीस्ट घेतलं तेव्हा भावकीत "पोरगी दारूच्या बुरशीवर शिकतेय" अशी बोलणी झाली होती. आई, तू "पावाची बुरशी आहे ती" म्हणून सगळ्यांची तोंडं बंद केलीस. जीव तोच, तेव्हा खरं दोघांचंही होतं! यीस्ट घ्यायचं कारण म्हणजे ते दीड तासात दुप्पट होतं आणि एका पेशीचं असूनही आतली मांडणी उसाच्या पेशीशी जुळती. 1996 साली त्याचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, वाचून झाला. जनुकं सुमारे 6000, हवं ते काढा, दुसऱ्याचं घाला.

या पेशीत एक मोठी पिशवी असते, रिक्तिका. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी 1988 मध्ये पाचक एन्झाइमं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर रिक्तिकेत बारीक गोळ्या थुईथुई नाचत होत्या. पेशी स्वतःचेच भाग गिळत होती. त्याच कामाला 2016 चं नोबेल मिळालं. ओसुमींच्या त्या कामाआधी ही पिशवी म्हणजे पेशीची कचराकुंडी, असंच बहुतेकांना वाटायचं. मी तिच्या नादी लागले ती कायमचीच.

माझा रोजचा प्रयोग असा. यीस्टची मीठ आवरणारी स्वतःची जनुकं काढून टाकायची. मग खारट आगरवर (यीस्ट वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) थेंबांच्या रांगा सोडायच्या, पुढचा थेंब मागच्यापेक्षा दहापट पातळ. 30 अंशांना दोन-तीन दिवस ठेवून झाकण उघडलं की वरची रांग जवळजवळ कोरी. खालच्या रांगेत मात्र शेवटच्या थेंबापर्यंत मलईच्या रंगाचे ठिपके, कारण तिच्यात अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणाचं एनएचएक्स-1 हे जनुक घातलेलं असतं. त्याचं प्रथिन सोडियम रिक्तिकेत ढकलून बंद करतं. 1999 मध्ये हे जनुक जास्त चालवलेली रोपं लिटरला जवळपास 12 ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर वाढली, तेव्हा आता खारट रानं हिरवी झालीच, असा सूर लागला होता.

पण 2011-12 मध्ये दोन गटांनी रोपातली एनएचएक्स-1 आणि एनएचएक्स-2 ही दोन्ही जनुकं बंद करून पाहिली. ती रोपं मिठाला फारशी बधली नाहीत. बिघडलं ते पोटॅशियमचं गणित, वाढ आणि पानांवरच्या रंध्रांची उघडझाप. म्हणजे एखादं प्रथिन काय करू शकतं ते यीस्ट सांगतं, पण रोपात ते प्रत्यक्षात काय करतं हे रोपालाच विचारावं लागतं. अण्णा, "इतकी वर्षं यीस्टवर घालवून आता झाडांकडे कशी वळलीस?" याचं उत्तर हेच. यीस्ट मी सोडलेलं नाही. सकाळी थेंब लावते, दुपारी मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली बघते.

शेतापर्यंत पोचलेलं उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या एका जुन्या नातेवाइकाचं सोडियम अडवणारं जनुक साध्या संकरानं ड्युरम गव्हात आणलं आणि खारट शेतात उतारा 25 टक्क्यांपर्यंत वाढला. 2012 सालची गोष्ट. उसाचा जीनोम गव्हाहून फार गुंतागुंतीचा, तेव्हा त्याच्या भरवशावर थांबू नका.

खालच्या रानात यंदा ऊस नकोच. दादाला सांगा, जिप्समची पोती आणण्याआधी माती तपासून घे. पाणी दिल्यावर लगेच नको, वाफसा आल्यावर एक, दोन आणि तीन फुटांवरची माती वेगवेगळी घ्यायची. ईसी (मातीतल्या विरघळलेल्या क्षारांचं माप) 4 च्या वर, पण सामू (पीएच) 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम (रिपोर्टात ईएसपी) 15 टक्क्यांच्या आत असेल, तर जमीन नुसती क्षारयुक्त. तिला जिप्सम घालणं म्हणजे पैसे मातीत. तिला भूमिगत पाइपांचा निचरा आणि गोडं पाणी हवं. सामू 8.5 च्या वर आणि हे सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे गेलं, तर ती चोपण. मग जिप्सम घाला आणि धैंचाचं हिरवळीचं खत जमिनीत गाडा, पण निचरा तेव्हाही लागेलच. पाइपांचा खर्च मी उचलते, त्यावरून वाद घालू नका.

रिपोर्टचा फोटो काढून पाठवा. आई, गुडघ्याचं औषध मध्येच बंद करू नकोस.

तुमची,
शैला