ग्रीनवरचं पाणी काढणाऱ्या माळीकाकांना

जुलैच्या झडीत पुण्यातल्या आमच्या गोल्फ कोर्सच्या एका ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्या भोकात टाकायचा त्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाणी तुंबलं. गवताखाली ३० सेंटिमीटर वाळू, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि छिद्रांचे पाइप आहेत, पण पाइपाचं तोंडच काळ्या मातीच्या गाळानं बुजलं होतं. निरोप मिळताच दुसऱ्या कोर्सवरचे माळी भर पावसात आले. आधी त्यांनी फळ्या अंथरल्या. ओल्या गवतावर पाय पडले की माती दबते आणि पाणी मुरत नाही. थोरल्या काकांनी पहारीनं चाचपत तोंड शोधलं, पालथं पडून हातानं गाळ उपसला. पाणी ओसरल्यावर गवतावर बसलेला गाळही त्यांनी हलक्या धारेनं धुतला. हे कुणी सांगितलं नव्हतं! तो वाळला असता तर गवत गुदमरलं असतं. काका, तुमचे आणि तुमच्या सोबत्यांचे मनापासून आभार.