गुडघ्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय

बाळा,

पहाटेचे साडेतीन वाजलेत, वॉर्ड शांत आहे, ब्रेक मिळालाय म्हणून लिहितेय. ऑगस्टची मॅच खेळणारच म्हणत रविवारी तू बोलता बोलता फोन कट केलास त्याचा राग नाहीये. म्हणजे होता, दोन दिवस होता, तो सगळा बाबांवर निघाला आणि त्यांनी बिचाऱ्यांनी काही न बोलता भांडी घासली. आता नाहीये. व्हॉइस नोट करणार होते पण माझ्या व्हॉइस नोट तू दीडपट स्पीडने ऐकतोस असं ताई म्हणाली, म्हणून टाइप करतेय आणि मुद्दाम मराठीत, म्हणजे तुला सावकाशच वाचावं लागेल.

आधीच सांगते, गुडघ्याबद्दल काही बोलणार नाहीये. ते तू, तुझी फिजिओ आणि मॅनेजर बघून घ्या.

तू म्हणालास, "हेन्री दोनदा परत आला आई, आणि तुला हर्लिंगमधलं काय कळतं." पहिलं ठीक आहे, दुसरं लागलं रे. बारा वर्षं तुझ्या मोज्यातला चिखल काढतेय मी. दांडक्याने खेळायचा हा आयरिश खेळ, बॉल गोलात गेला की तीन पॉइंट, वरच्या दांड्यावरून गेला की एक, हे मला बाबांच्या आधी कळलं होतं. त्या दांडक्याला, हर्लला, हर्ली म्हटलं की तू चिडतोस, हर्ली कॉर्कवाले म्हणतात, आपल्या किलकेनीत हर्ल म्हणायचं, हेसुद्धा आता तोंडात बसलंय. ॲशच्या झाडांना रोग लागलाय म्हणून आता बांबूच्या हर्ल निघाल्यात हेही माहितीये, बाबा म्हणाले होते मग आपल्या शेताच्या बांधावरचे वेळू काय वाईट होते. तर काय कळतं म्हणू नकोस.

असो. तर म्हटलं बघू तरी हा आपल्या किलकेनीचा हेन्री शेफलिन परत आला म्हणजे नेमका कसा आला. तीन नाइट झाल्या, चहाच्या ब्रेकमध्ये हेच वाचतेय. सोबतच्या केरळच्या सिस्टरला वाटतंय मी कसली तरी परीक्षा देतेय.

माणूस मोठाच आहे, त्यात वाद नाही. १९९९ ला सीनियर टीममध्ये आला, त्या वर्षीची फायनल एका पॉइंटने हरले कॉर्कशी, मग २००० पासून जे सुरू झालं ते २०१४ पर्यंत दहा ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या देशाचे कप. मैदानात उतरून दहा जिंकणारा पहिलाच. चॅम्पियनशिपच्या ७१ मॅच, २७ गोल, ४८४ पॉइंट, आणि हे सगळं बँकेतली नोकरी सांभाळून. पगार नाही, काही नाही. रविवारी ऐंशी हजार लोक नावाने ओरडतायत आणि सुट्टी संपली की परत टेबल, फाइल, कर्ज. तुला इंजिनीअरिंग पूर्ण कर म्हणते ते उगाच नाही. बघ, आलाच ना अभ्यासाचा विषय, सॉरी. तो आजचा विषय नाही.

आता त्याचं ते. २००७ ची फायनल, लिमरिकविरुद्ध, हा कॅप्टन, आणि हाफटाइमलाच बाहेर, गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट गेलं. टीम जिंकली. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गोलकीपरची बायको अपघातात गेली होती, तर ह्याने कप घेताना त्या गोलकीपरच्या लहान मुलाला वर बोलावलं आणि दोघांनी मिळून कप उचलला. स्वतःचा गुडघा गेलेला, पुढे काय होणार माहीत नाही, आणि त्या क्षणी डोक्यात कोण, तर ते पोर. मी ते वाचलं आणि स्टाफरूममध्ये डोळ्याला पदर लावायची वेळ आली, पदर नव्हता म्हणून टिश्यू. तू त्याच्यासारखा फाउलनंतरचा फ्री मारायला शिकलास, छान आहे. हे पण शीक म्हणणार होते, पण तू तसा आहेसच, अंडर-१४ ला त्या बेंचवरच्या पोराला शेवटची पाच मिनिटं मिळावीत म्हणून तू पाय लचकल्याचं नाटक केलं होतंस ते मला कळलं होतं. कधी बोलले नाही.

मग २००८ ला तो परत आला आणि जिंकला. एका सप्टेंबरला गुडघा गेला, पुढच्या सप्टेंबरला हातात कप. मधे वर्ष गेलं, बरोबर?

मग २०१०. लागोपाठ चार जिंकून पाचवी जिंकायची होती. ऑगस्टमध्ये सेमीफायनलला पुन्हा क्रुशिएट, आणि फायनलला चार आठवडे. तू राहतोस त्याच लिमरिकला जाऊन त्याने रोज फिजिओ केली, मांडीचे स्नायू इतके घट्ट केले की गुडघा त्यांच्यावर उभा राहावा. किलकेनीच्या नोलन पार्क मैदानावर नुसतं प्रॅक्टिस बघायला हजारो लोक आले, पळतोय का बघायला. आणि फायनलला उतरला. किती वेळ? जेमतेम तेरा मिनिटं. मग बाहेर. टिपररी जिंकले, पाचवी राहिली ती राहिलीच.

तू म्हणतोस दोनदा परत आला. मी मोजलं, तीनदा आला, २००८ ला, २०१० ला आणि २०११ ला. मधला तेरा मिनिटांचा तू धरत नाहीस.

आणि तुझ्या ऑपरेशनला सहाच महिने होतायत.

बघ, बोलणार नव्हते. पण आता निघालंच आहे तर बोलूनच घेते, एकदाच. बाळा, आतमध्ये जे बसवलंय ते तुझ्याच मांडीमागचा तुकडा आहे, त्याचं लिगामेंट व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला तर तो उलट कमजोर होतो आणि मग हळूहळू भरतो. गंमत अशी की दुखणं आधी थांबतं, सूज जाते, पळता येतं, माणसाला वाटतं झालं बरं. आतलं अजून झालेलं नसतं. नऊ महिन्यांच्या आत जे खेळायला उतरतात त्यांचा गुडघा परत जायचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे मी आई म्हणून नाही सांगत, हे सगळे सांगतात, तुझी फिजिओ पण सांगत असणार आणि तू मला अर्धंच सांगत असणार. कॉर्नर-फॉरवर्डचं कामच गर्रकन वळायचं, एका पायावर जोर देऊन. सरळ पळणारा खेळ असता तर मी एवढं बोललेही नसते. बोलले असते, पण कमी.

ऑक्टोबरपर्यंत थांब म्हटलं की सीझन संपतो, कळतं मला. वीस वर्षांच्या मुलाला तीन महिने म्हणजे काय वाटतं ते कळतं. नाही कळत बहुतेक. सॉरी, लेक्चर झालं.

परवा आबांची आठवण आली. तुला आबा म्हणजे अंगणातली खुर्ची आणि खिशातली गोळी. तू बघितलेस तेव्हा ते तसेच होते. त्यांच्या त्या इस्लामपूरच्या मॅचची गोष्ट तुला बाबांनी शंभर वेळा सांगितलीय, मामाने दोनशे वेळा, गुडघा फिरला तरी टॉवेल घट्ट बांधून पुन्हा चढाईला गेले आणि दोन गडी मारून आले, लोकांनी खांद्यावर घेतलं. खरी आहे गोष्ट. गावात अजून सांगतात, गेल्या वर्षी वास्तुशांतीला कोणीतरी माझी ओळखच अशी करून दिली, त्या चढाईवाल्या आबांची मुलगी. मला पण छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ती मॅच मी बघितलेली नाही रे, माझा जन्मच नव्हता. मी बघितलं ते नंतरचं. हळद, एरंडेल, रुईची पानं तव्यावर गरम करून. रोज रात्री तेल लावायचं काम माझं होतं, पाचवीपासून बारावीपर्यंत. तो गुडघा हाताखाली कसा लागायचा ते अजून माझ्या हातात आहे. सरीत वाकता यायचं नाही म्हणून उसाची लागण गड्यांकडून, पूजेला पाटावर बसता यायचं नाही म्हणून खुर्ची, आणि संडासचं काय ते तुला सांगत नाही. मी नर्सिंगला का गेले असं लोक विचारतात तेव्हा मी म्हणते पगार चांगला होता. एकदा मी त्यांना विचारलं होतं, आबा, त्या दिवशी परत गेला नसता तर? ते हसले आणि म्हणाले, "तेल गार झालं बघ."

म्हणजे पस्तावा होता की नव्हता ते आजपर्यंत कळलेलं नाही मला.

अरे हो, बाबांनी तुझी जुनी बॅग माळ्यावरून काढली, मुलांच्या त्या हर्लिंगच्या कूल कॅम्पची, पहिल्या वर्षीची. त्यात एक स्लिटर सापडला, हर्लिंगचा बॉल, शिवण उसवलेला. २०१२ आठवतं का तुला? मी इथे एकटी वर्षभर काढल्यावर तुम्ही तिघं आलात ऑगस्टमध्ये, आणि सगळीकडे काळे-पिवळे झेंडे, घरांवर, ट्रॅक्टरवर, बाबांना वाटलं इलेक्शन आहे. मग ती फायनल बरोबरीत सुटली, गॉलवेशी. पलीकडच्या म्हाताऱ्या काकांनी आपल्याला टीव्ही बघायला बोलावलं होतं, आपल्याला कोणालाच काही कळत नव्हतं, आणि शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली तर हेन्रीने गोल न मारता वरून एक पॉइंट घेतला. काका उडालेच खुर्चीतून, तीन मिळत होते म्हणे, एक कशाला घेतला! मग गॉलवेच्या कॅनिंगने बरोबरी केली तेव्हा तर ते बाहेरच निघून गेले. पण पुढच्या मॅचला हेच जिंकले ना, तीन आठवड्यांनी? टीम गावात आली तेव्हा तू बाबांच्या खांद्यावर होतास, सात वर्षांचा, नाक वाहतंय, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना लाटणं घेऊन निघालास. माझं पोळीचं लाटणं. ते अजून आहे, त्याच्यावर तुझ्या बॉलची खूण आहे, पोळीवर उमटते कधी कधी.

मी काय सांगत होते, तो एक पॉइंट. मला तेव्हा काही कळलं नव्हतं, आता वाटतं बरोबर केलं त्याने. हातात जे पक्कं होतं ते घेतलं. त्यासाठी लोकांनी नावं ठेवली असतील, ठेवू देत, वर्षाच्या शेवटी हर्लर ऑफ द इयर तोच झाला, तिसऱ्यांदा. तू म्हणशील आई, ते वेगळं आणि हे वेगळं. असेल वेगळं.

आणि शेवटच्या वर्षी, २०१४ ला, तो दहावा कप जिंकला तेव्हा तो आधी बेंचवर होता, मागून उतरला. एवढा मोठा खेळाडू, तरी बसला ना बेंचवर? पुढच्या मार्चमध्ये थांबला, छत्तीस वर्षांचा होता. छत्तीस, बाळा. तू वीसचा आहेस. मी गणित मांडत नाहीये, नुसतं सांगतेय.

एक गोष्ट बोलायची राहिली होती. त्या दिवशी मी मैदानात धावत आले त्याबद्दल. तू आठवडाभर बोलला नाहीस माझ्याशी, सगळ्या मुलांसमोर आई आत आली म्हणून. मला खरंच कळलं नाही मी कधी तारेखालून आत शिरले ते. बाबा म्हणतात तू पडायच्या आधीच मी पळायला लागले होते, असं कसं होईल, पण ते तसंच सांगतात. तुझ्या अंगावर कोणी आलंही नव्हतं, नुसता वळलास. वॉर्डात अशी दहा माणसं बघते मी महिन्याला, हात थरथरत नाहीत. तुझा बूट काढताना मला लेस सुटेना. तुझ्या त्या नंबर पंधराने काढून दिला शेवटी, त्याला माझ्याकडून सांग, चकली पाठवतेय.

आणि अजून एक, तू त्या वेळी मला मराठीत म्हणालास, "आई, गेला गं." एवढ्या वर्षांत मैदानात तू एकदाही मराठी बोलला नव्हतास. मला रात्री तेच ऐकू येतं. हे लिहायचं नव्हतं.

बरं, पंधरा नंबरच्या खोलीतली बेल वाजतेय, जाते. शनिवारी बाबा लिमरिकला येतायत, डबा घेऊन, मेथीचे लाडू आहेत, हाडांसाठी चांगले असतात म्हणून नाही, तुला आवडतात म्हणून. त्यांच्याशी भांडू नकोस, ते तुझ्या बाजूने आहेत, माझ्यासमोर बोलत नाहीत इतकंच.

ड्युटीच्या वहीत मी दोन रविवार सुट्टी मागून ठेवलीय. एक ऑक्टोबरचा, फायनलचा, आपला क्लब तिथपर्यंत पोचला तर. आणि एक ऑगस्टचा, तुझा तो. तू जे ठरवशील ते ठरव, मी येणार. आत नाही येणार, तारेच्या बाहेरच उभी राहीन, बाबा म्हणालेत ते स्वेटर धरून ठेवतील.

आई

ता. क. गुडघ्याला रात्री बर्फ लावतोस ना अजून? टॉवेल मधे ठेवून, डायरेक्ट नको.