जामीन मंजूर, पण सुटका कधी?

संपादक महोदय,

पडद्यावरच्या कोर्टात न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून ‘जामीन मंजूर’ म्हणतात आणि पुढच्याच दृश्यात आरोपी घरी पोचतो. आपल्या न्यायालयांत हातोडा नसतो, ही किरकोळ बाब. पण मधले जे दिवस गाळले जातात, त्यांतच गरीब कच्चा कैदी, म्हणजे खटला संपण्याआधीच तुरुंगात असलेला माणूस, अडकून पडतो.

आदेशात बहुधा एक ओळ असते: ‘पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार.’ जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. पण त्या ‘लायक’ शब्दासाठी आधार, रेशनकार्ड, पगारपत्रक, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा (आर्थिक कुवतीचा) दाखला लागतो. दाखल्यासाठी सातबारा किंवा घरपट्टीची पावती हवी. नाक्यावर काम मागणाऱ्या परप्रांतीय मजुराचा भाऊ हे कुठून आणणार? कागद जमलेच, तर पडताळणीत दिवस जातात. शेवटी सुटकेच्या आदेशात नावाचे एक अक्षर किंवा गुन्हा क्रमांक चुकला, तरी तुरुंग तो कागद परत पाठवतो. आणखी एक रात्र आत.

हा प्रश्न नवा नाही. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून भावाला जामीनदार मानायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. इतक्या वर्षांनंतरही ‘स्थानिकच जामीनदार आणा’ हा हट्ट सुटलेला नाही, याचा संताप येतो.

31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट निर्देश दिले. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला द्यायची. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीन भरता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. नातेवाइकांना मात्र हे कुणी सांगत नाही. ते कर्ज काढतात किंवा कोर्टाबाहेरच्या भाडोत्री जामीनदाराला पैसे देतात. तो पडताळणीत उघडा पडला की पैसे जातात आणि नवीन गुन्हाही मागे लागतो.

त्याऐवजी जामीन देणाऱ्या न्यायालयातच एक पानाचा अर्ज करावा. मागणी एवढीच: जामीनदाराची अट काढून केवळ जातमुचलक्यावर सोडावे किंवा जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन घ्यावा. सोबत कैद्याची कमाई, घरातील माणसे आणि आदेशाची तारीख लिहावी. वकील परवडत नसेल, तर जिल्ह्यातील लोकअभिरक्षक (आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) कार्यालयात जावे किंवा विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करावा. पात्र असल्यास मदत मोफत मिळते. गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्यासाठी केंद्राने 2023 मध्ये योजनाही आणली आहे, तिचीही चौकशी करावी.

प्रत्येक जिल्हा न्यायाधीशांनी दर सोमवारी अधीक्षकांकडून ‘जामीन मंजूर, सुटका नाही’ अशा कैद्यांची यादी मागवावी, ही आमची विनंती आहे. यादीत प्रत्येक नावापुढे आदेशाची तारीख आणि अडलेला कागद, एवढे असले तरी पुरे.

— फौजदारी खटले चालवणारे काही वकील, ठाणे