चार बोटांची कड

कोपनहेगन, जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

रविवारी फोनवर तुम्ही रागावलात. "एवढ्याशा पोराला घेऊन भर रस्त्यात सायकल? तेही बर्फात?" मी उत्तर देणार तोवर तुम्ही आईच्या हातात फोन दिलात. म्हणून लिहायला बसले.

आमच्या नॉरेब्रोहून शहराच्या मध्याकडे नॉरेब्रोगाडे हा रस्ता जातो. आपल्या लक्ष्मी रोडची आठवण व्हावी असाच आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, वर बिऱ्हाडं, मधून बस, माल उतरवणारे टेम्पो. पण त्याला तीन पातळ्या आहेत. सगळ्यात खाली गाड्या. त्यांच्याहून चार बोटं उंच दगडी कड, आणि तिच्यावर सायकलींची वाट. मग आणखी एक कड आणि वर फुटपाथ. एवढंच आहे, बाबा. खांब नाहीत, जाळी नाही.

चार बोटं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण रंगाचा पट्टा ओलांडला तर गाडीवाल्याला कळतही नाही. कडेवर चाक आदळलं की कळतं. शिवाय पार्किंग असतं ते कडेच्या खाली, त्यामुळे उभ्या गाड्यांची रांगच आमच्या आणि धावत्या गाड्यांच्या मध्ये येते. आपल्याकडे ट्रॅक झाले ते बहुतेक फुटपाथवरच. मध्येच झाड, मध्येच विजेचा डीपी, त्यावर लावलेल्या स्कूटर. दादाच्या छोटीची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली आहे ती का, हे मला इथे आल्यावर नीट समजलं.

पहिले काही आठवडे माझी मान सारखी मागे वळायची. पुण्यात सायकल चालवणाऱ्याला पाठीलाही डोळे लागतात ना, तसं. मग एका सकाळी लक्षात आलं, की पोरगा सायकलच्या पुढच्या पेटीत बसून त्याचं बालवाडीतलं गाणं म्हणतोय आणि मी त्याला साथ देतेय. भर गर्दीत! पुढे राणी लुईसच्या नावाचा पूल लागतो. त्यावरून रोज चाळीस हजारांच्या आसपास सायकली जातात. आज्या भाजीच्या पिशव्या लावून जातात, सूट घातलेले साहेब जातात, शाळेची मुलं एकेकटी जातात. ताशी 20 किलोमीटरचा वेग धरला की सकाळी शहराकडे जाताना सिग्नल ओळीने हिरवे मिळत जातात. संध्याकाळी तीच सोय परतीच्या दिशेला. कामगारांच्या पाळ्या सुटायच्या तेव्हा खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा असायचा, असं तुम्ही सांगायचात. पुलावर मला तो रोज आठवतो.

बर्फाचं म्हणाल, तर मुख्य सायकलवाटा पहाटेच साफ होतात. ब्रश लावलेलं यंत्र फिरतं, मीठ पडतं. कित्येकदा आमची वाट काळी कोरडी दिसते आणि शेजारची गल्ली अजून पांढरी असते.

धोका नाहीच, असं लिहिलं तर ते खोटं होईल. चौकात कड संपते. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे उजवीकडे वळणारा ट्रक ही सायकलवाल्याची सगळ्यात मोठी भीती. आरशात न दिसलेला माणूस चाकाखाली जातो. म्हणून चौकांत निळे पट्टे आखलेत आणि गाड्यांची थांबण्याची रेघ आमच्या रेघेच्या बरीच मागे ठेवली आहे, म्हणजे सिग्नलला आम्ही चालकाच्या डोळ्यांसमोर उभे राहतो. मी ट्रकच्या शेजारी कधीच थांबत नाही, मागेच राहते. हे आईलाही सांगा.

तुम्ही म्हणता, तिथली माणसंच शिस्तीची. मीही तेच धरून चालले होते. पण इथेही साठच्या दशकात मोटारी वाढल्या आणि सायकली रस्त्यावरून हटत गेल्या. 1973 साली तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा लोकांना रिकामा रस्ता पुन्हा दिसला. पुढच्या काही वर्षांत हजारो माणसं सायकली घेऊन नगरभवनासमोर जमली. जिथे सायकलस्वार मेले तिथे रस्त्यावर पांढरे क्रूस रंगवले. मरत होती ती याच देशातली माणसं, याच शिस्तीची. मग वाटा वाढल्या. त्या मागून घ्याव्या लागल्या, बाबा.

हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर तुमचा तो अपघात आहे. टेम्पो घासून गेला, पायात रॉड बसला आणि सायकल माळ्यावर गेली. घरात सगळे म्हणाले, यांचं लक्ष नव्हतं. तुम्हीही ते मान्य करून टाकलंत. मी तेव्हा तुमच्या मागे कॅरिअरवर बसत असे, मला माहीत आहे तुमचं किती लक्ष असायचं. तुम्ही कडेनेच चालला होतात. रस्त्याला कडच नव्हती. इतकी वर्षं तुम्ही तो दोष स्वतःच्या माथी घेतलात, तो आता उतरवून ठेवा, एवढं मला सांगायचं होतं.

जूनमध्ये याल तेव्हा इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. तळघरात तुमच्यासाठी एक सायकल आणून ठेवली आहे. दांडी नाही तिला, म्हणजे टांग टाकायला नको. सीट खाली केली आहे. पुलापर्यंतच जाऊ. दमलात तर पाण्याकाठी बसू, नातू गाणं म्हणून दाखवेल.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला आणायला सांगा.

तुमची लेक